धरून की सोडून?

बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीत घर पाहायला आलेल्या गिऱ्हाइकाला बिल्डरची माणसं तीन गोष्टी हमखास दाखवतात : विमानतळ किती जवळ आहे, नंदी हिल्स कुठल्या बाल्कनीतून दिसतो आणि क्लबहाऊस केवढं आहे. आमच्या वसूलकाकांनी तिन्ही गोष्टी शांतपणे पाहून घेतल्या, खिशाचं पेन काढलं आणि विचारलं, "धरून की सोडून?"

नोंदणी धरून की सोडून, पार्किंग धरून की सोडून, मेंटेनन्स धरून की सोडून. विकणारा पोरगा बेळगावचा, त्यामुळे मराठी कळत नाही ही सबबही त्याच्याकडे नव्हती. तासाभरानं तो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "काका, नंदी हिल्ससुद्धा धरून आहे. आता सही करा."

वसूलकाका हे नाव अर्थातच बारशाचं नाही. सोसायटीतल्या मराठी पोरांनी ते ठेवलं आणि काकांनी ते खुशीनं चालवून घेतलं. पुण्यात एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये नोकरी करून निवृत्त झाल्यावर ते आणि काकू चिरंजीवांकडे इथे राहायला आले. स्टोअर्समधला माणूस, दिलेले पैसे आणि आलेला माल जुळल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. महिन्याच्या मेंटेनन्समध्ये स्क्वॉश कोर्ट धरलेलं आहे हे कळल्यावर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी काका स्क्वॉश कोर्टात जाऊ लागले. रॅकेट नाही, चेंडू नाही. आत चटई टाकून अर्धा तास अनुलोम-विलोम करतात. बाहेर दोन आयटीवाली पोरं रॅकेट घेऊन ताटकळत असतात. काका डोळे न उघडता सांगतात, "माझा स्लॉट सातपर्यंत आहे."

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट केली पाहिजे. काका फुकटे नाहीत. फुकट्यांची त्यांना मनस्वी चीड आहे. मॉलमध्ये कुणी चाखायला म्हणून चीजचा तुकडा पुढे केला तर ते हात मागे घेतात. लग्नात दीड पोळीवर उठतात. "फुकटचं अंगी लागत नाही," हे त्यांचं ठाम मत. देवनहळ्ळीचा किल्ला घरापासून हाकेच्या अंतरावर, टिपू सुलतानाचं हे जन्मगाव, पाहुणे आले की आम्ही त्यांना तिकडे नेतो. काका एकदाच गेले. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "अरे, तिकीटच नाही. वसूल काय करणार?" एकदा पैसे भरले मात्र, की हाच माणूस वेगळा होतो. डोळ्यांत तेज येतं, बाह्या दुमडल्या जातात आणि घड्याळ काढून टेबलावर ठेवलं जातं.

इथला चकोता प्रसिद्ध आहे. चकोता म्हणजे आपलं पपनस. देवनहळ्ळीच्या चकोत्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि त्याची साल बोटभर जाड असते. काकांनी पहिल्याच मोसमात शेतकऱ्यासमोर उकिडवं बसून विचारलं होतं, "वजन साल धरून की सोडून?" त्या बिचाऱ्याला मराठी येत नव्हतं, काकांना कन्नड येत नव्हतं, पण प्रश्न त्याला नेमका समजला आणि तो इतका हसला, की त्यानं एक फळ वर दिलं. काकांनी त्याचेही पैसे दिले.

त्यांचं कन्नड आजही दोन प्रयोगांवर अडलेलं आहे. 'एष्टु?' म्हणजे किती, आणि 'इन्नू स्वल्प' म्हणजे आणखी थोडं. गावातल्या खानावळीत फुल मील्सच्या ताटाला एकदाच पैसे पडतात आणि वाढपी बादली घेऊन फिरत असतो, तिथे एवढं पुरतं. 'साकु', म्हणजे पुरे, हा शब्द शिकायची गरज त्यांना अद्याप भासलेली नाही.

2008 साली विमानतळ सुरू झाला आणि देवनहळ्ळीचं नशीब पालटलं. काकांचं पालटलं ते क्रेडिट कार्डावर लाउंज मिळायला लागल्यावर. काउंटरवर कार्ड घासायचं, दोन रुपये कापले जायचे आणि आत इडली, उपमा, पास्ता, कॉफी, हवं तितकं. आमची सोसायटी विमानतळापासून पंधरा-वीस मिनिटांवर. दहाच्या विमानासाठी आम्ही पावणेआठला निघतो, काका सहाला. "अरे, वर्षाची फी भरलीय कार्डाची. ती काय विमानात बसून वसूल होणार?" पुढे बँकांनी अटी घातल्या, की तिमाहीत अमुक एक खर्च कार्डावर केलात तरच लाउंज मिळेल. काकांनी अख्ख्या मजल्याची वीजबिलं आणि किराणा आपल्या कार्डावर घ्यायला सुरुवात केली. महिनाअखेरीला ते हिशेबाची चिठ्ठी घेऊन दारोदार हिंडतात आणि आम्ही मुकाट्यानं पैसे देतो. एका माणसाच्या उपम्यासाठी सहा कुटुंबं राबताहेत, हे आमच्या उशिरा लक्षात आलं.

असा माणूस क्रूझवर गेला तर काय होईल?

पहिली क्रूझ त्यांनी मुंबईहून केली. कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' 2021 च्या सप्टेंबरपासून मुंबईहून गोव्याकडे आणि लक्षद्वीपकडे जाऊ लागलं, तेव्हा चिरंजीवांनी आईवडिलांना तिकिटं काढून दिली. जहाज मुळात 1990 चं, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं, ही माहिती काकांनीच आम्हाला पुरवली. परत आल्यावर फाटकाजवळच्या बाकावर त्यांना विचारलं, कशी झाली सफर? समुद्र, सूर्यास्त, गोवा यांपैकी कशाचाही उल्लेख न करता ते म्हणाले, "जेवण धरून होतं. पण एक चायनीज-बियनीजचं हॉटेल होतं आत, ते सोडून होतं." थोडा वेळ गप्प बसून ते पुटपुटले, "सोडून का असावं?"

या एका प्रश्नानं त्यांना वर्षभर झोपू दिलं नाही. एलआयसीच्या जुन्या डायरीत त्यांनी क्रूझचं जेवण हा विषय लावून घेतला आणि त्यांच्या संध्याकाळच्या व्याख्यानांमुळे आमच्या सोसायटीतल्या, समुद्रही न पाहिलेल्या माणसांना हा विषय तोंडपाठ झाला. थोडक्यात तो असा. जहाजाच्या तिकिटात मोठा डायनिंग हॉल, बुफे, बहुधा पिझ्झा आणि कॅफेतलं किरकोळ खाणं धरलेलं असतं. म्हणजे उपाशी कुणी राहत नाही. त्यापलीकडे असतात ती खास रेस्टॉरंटं. एखादं स्टेकहाऊस, एखादं इटालियन, एखादं जपानी. तिथे बसायचे वेगळे पैसे. कुठे माणशी ठरावीक रक्कम घेऊन हवं ते खाऊ देतात, कुठे पदार्थागणिक बिल करतात. रोज वेगळे पैसे मोजायचे नसतील तर पॅकेज घ्या : दोन-तीन जेवणांचं, नाहीतर पूर्ण सफरीचं अमर्याद.

"आता खरी गंमत ऐका," असं म्हणून काका डायरीचं पान उलटत. पॅकेजचा भाव जहाजागणिक आणि तारखेगणिक वेगळा. जहाजावर चढून घेतलंत तर सहसा महाग, घरबसल्या आधी घेतलंत तर स्वस्त, आणि मधेच सेल लागतो. घेतल्यावर भाव उतरला तर बऱ्याच कंपन्यांत आधीचं रद्द करून नवं घेता येतं. वर टिप लावतात, रॉयल कॅरिबियनमध्ये शेकडा 18, नॉर्वेजियनमध्ये शेकडा 20. म्हणजे जाहिरातीतला भाव टिप सोडून! अमर्याद पॅकेजमध्ये जहाज दिवसभर समुद्रात असेल त्या दिवशी दुपारचं जेवणही मिळतं, पण शेफच्या खास टेबलावरचं जेवण त्यात नसतं. लॉबस्टर किंवा भारीतला मांसाचा तुकडा मागितलात तर पॅकेज असूनही वर पैसे. आणि नॉर्वेजियनवाले पॅकेजवर मोजून पदार्थ देतात, हे सांगताना काकांचा आवाज घोगरा व्हायचा. कार्निव्हलनं तर धरलेल्या डायनिंग हॉलमध्येसुद्धा तिसऱ्या मुख्य पदार्थाला 5 डॉलर लावले, हे कळलं त्या दिवशी त्यांनी संध्याकाळचा चहा घेतला नाही.

क्रूझ कंपनीच्या फोनवर त्यांनी केलेली चौकशी अजून आमच्या सोसायटीत सांगितली जाते. पलीकडून कुणी मुलगी नम्रपणे इंग्रजीत बोलत होती. काकांनी सगळे प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाले, "मॅडम, व्हॉट अबाउट खाडा?"

हा प्रश्न समजायला पुण्यात मेसला जेवलेलं असावं लागतं. काका सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून शिकले. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे, रविवारी दुपारी फीस्ट, रविवारी रात्री बंद. गावाला जायचं असेल तर आधी सांगायचं, म्हणजे तेवढे खाडे धरून पैसे वळते व्हायचे. न सांगता गेलात तर जेवण बुडालं. विद्यार्थिदशेत काकांनी मेसच्या मावशींशी खाड्यांवरून जे वाद घातले, त्यांतूनच त्यांची पुढची कारकीर्द घडली. क्रूझचं पॅकेज म्हणजे पाण्यावरची मेस, हे त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. फक्त तिथे खाडा नव्हता. मुलगी म्हणाली, न वापरलेल्या जेवणाचे पैसे परत मिळत नाहीत आणि ते दुसऱ्या कुणाला देताही येत नाही. काकांनी फोन ठेवला आणि डायरीत लाल शाईनं लिहिलं : खाडा नाही.

एवढं होऊनही काकांनी सिंगापूरहून निघणारी चार रात्रींची क्रूझ ठरवली, स्वतःसाठी आणि काकूंसाठी तीन-तीन जेवणांचं पॅकेज घेतलं आणि सोबतीला आम्हालाही ओढलं. देवनहळ्ळीहून सिंगापूर विमानानं साडेचार तास. काकांसाठी ते लाउंज धरून नऊ तास झाले. जहाजावर पाय ठेवल्यावर आम्ही सगळे वरच्या डेकवर समुद्र बघायला धावलो. काका खाली रांगेत उभे होते. पहिल्याच दिवशी वेळा पक्क्या केल्या नाहीत तर सोयीच्या वेळा निघून जातात, हे त्यांना पाठ होतं. तासाभरानं ते वर आले ते तीन रात्रींची वेळापत्रकं हातात घेऊन. मागे सिंगापूर हळूहळू लांब जात होतं, तिकडे पाठ करून त्यांनी विचारलं, "दुपारी जेवलास? वेडा आहेस का? रात्री सातला इटालियन आहे!"

काकांबरोबर जेवायला बसणं ही एक परीक्षा असते. सूप घ्यायचं नाही, पाणी आहे ते. सॅलड घ्यायचं नाही, पाला आहे तो. ब्रेडची टोपली आली की ते स्वतःच्या हातानं ती टेबलाच्या टोकाला सरकवतात : "ही यांची चाल आहे. आधी ब्रेडनं पोट भरायचं आणि मग महागाचं खायला जागाच ठेवायची नाही." माझ्या मुलानं चोरून एक तुकडा लोण्याला लावला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यापुढे शाळेचे मुख्याध्यापक काहीच नाहीत. वास्तविक पॅकेज आमचं नव्हतंच. आम्ही त्या एका रात्रीचे सुटे पैसे भरून बसलो होतो. पण दुसऱ्याचे पैसेही वाया गेलेले काकांना बघवत नाहीत.

त्या रात्री एक नवाच पेच उभा राहिला. इटालियन जेवण छान झालं, तिरामिसू दोनदा झालं, काका खुर्चीत मागे रेलले आणि एकदम त्यांचा चेहरा उतरला. "अरे, पण मग त्या डायनिंग हॉलचं काय?"

"त्याचं काय?"

"तिथलं आजचं जेवण आपण तिकिटात भरलंय. इथे जेवलो म्हणजे ते बुडालंच की!"

हा प्रश्न वरवर हास्यास्पद वाटेल, पण जहाजांचा इतिहास काकांच्या बाजूनं आहे. भाड्यात जेवण असताना वेगळे पैसे घेणारं रेस्टॉरंट समुद्रावर पहिल्यांदा थाटलं ते हॅम्बुर्ग-अमेरिका लाइननं, 1905 साली, 'अमेरिका' नावाच्या जहाजावर, रिट्झ हॉटेलच्या नावानं. पुढे 1912 च्या टायटॅनिकवरही पहिल्या वर्गासाठी असं एक रेस्टॉरंट होतं, लुइजी गाटी नावाचे गृहस्थ ते चालवायचे आणि प्रवासी त्यालाही रिट्झच म्हणत. आणि तिथे नियम असा, की जो प्रवासी सगळा प्रवास त्या रेस्टॉरंटमध्येच जेवायचं ठरवील, त्याला तिकिटाच्या रकमेत काही पौंडांची सूट. म्हणजे चक्क खाडा! हे वाचल्यापासून काकांच्या मनात टायटॅनिकविषयी अपार आदर आहे. सगळं जग त्या जहाजाचं बुडणं आठवून हळहळतं; काका म्हणतात, "काही म्हणा, हिशेबाला चोख होते."

आजच्या जहाजांवर ही सूट नसल्यामुळे काकांनी आपला मार्ग स्वतः शोधला. इटालियनमधून उठून ते साडेनऊला बुफेत गेले आणि भारतीय काउंटरवरून वाटीभर दहीभात आणि लोणचं घेऊन आले. पोटात जागा नव्हती हे डोळ्यांवरून कळत होतं. चार घास खाऊन त्यांनी चमचा खाली ठेवला. तिकीट वसूल, पॅकेज वसूल. काकू शेजारी बसून हा प्रकार अनेक वर्षांच्या सरावानं पाहत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आणि उद्या पोट धरून बसाल ते?"

दुसऱ्या रात्री स्टेकहाऊस होतं. सकाळी काकूंनी पिशवीतून कालनिर्णय काढलं आणि म्हणाल्या, "अहो, आज संकष्टी आहे."

काका काही क्षण बोललेच नाहीत. पॅकेजचं जेवण हस्तांतरित होत नाही, तारीख बदलायला जागा शिल्लक नव्हती आणि काकूंनी चाळीसेक वर्षांत एकही संकष्टी मोडलेली नव्हती. त्यांनी आधी रिसेप्शनवर जाऊन चंद्रोदय किती वाजता आहे ते विचारलं. कालनिर्णयातली वेळ मुंबईची, आम्ही मलाक्काच्या सामुद्रधुनीत. तिथल्या मुलीनं कुठे तरी फोन केला, पुन्हा कुठे तरी केला आणि साडेनऊनंतरची काही तरी वेळ सांगितली. स्टेकहाऊसची आमची वेळ साडेसातची. काकांनी ती पुढे ढकलायचा प्रयत्न केला. नऊनंतर जागा नव्हती.

साडेसातला दोघं टेबलावर बसले. वाढायला गोव्याचा एक हसरा पोरगा होता, बाणावलीकडचा. काका स्वतः बीफ खात नाहीत, त्यामुळे त्यांनी चिकन आणि मासा दोन्ही मागवलं. लॉबस्टर धरून की सोडून ते विचारलं, सोडून आहे कळल्यावर त्याला हात लावला नाही. मग ते काकूंच्या उपासाकडे वळले. मेनूकार्ड वरून खाली वाचून झालं, खालून वर वाचून झालं. आणि अचानक सोबतच्या पदार्थांच्या यादीत त्यांना सापडला : भट्टीत भाजलेला अख्खा बटाटा, लोणी घालून.

"बटाटा चालतो!" काका जवळजवळ ओरडलेच.

पोरानं आधी नेहमीसारखा, वर बेकन आणि कांद्याची पात पेरलेला बटाटा आणला. काकूंनी तो पाहून डोळे मिटून घेतले. दुसरा आला तो नुसता. सालीसकट भाजलेला, मधोमध चिरलेला, आतून वाफ निघत होती. काकूंनी पर्समधून दोन डब्या काढल्या, एकीत सैंधव, दुसरीत दाण्याचं कूट. त्यांनी लोण्याचा गोळा आत सारला, वरून सैंधव भुरभुरलं, दाण्याचं कूट पसरलं आणि चमच्यानं सगळं हलक्या हातानं कालवलं. पहिला घास खाऊन त्या म्हणाल्या, "बरा आहे हो. जिरं हवं होतं." शेजारच्या टेबलावरचे चिनी गृहस्थ आपलं मांस सोडून हा सोहळा बघत होते. काकूंनी तीन बटाटे खाल्ले. काकांनी डायरी काढली, माणशी पॅकेज भागिले तीन जेवणं, भागिले तीन बटाटे असा भागाकार केला आणि एका बटाट्याचा डॉलरमध्ये जो भाव निघाला तो पाहून ते पाणी प्यायले. पोरगा वाकून हळूच म्हणाला, "काका, तुमी जेवात. हिशेब हांव पळयतां." चंद्र उगवल्यावर काकूंनी बुफेत जाऊन वरणभात खाल्ला. तो तिकिटातच होता.

अशा माणसावर हसणं सोपं आहे. मीही हसतो. पण मेनूकार्डाची गोष्ट ऐकल्यापासून जरा कमी हसतो. काकांचं आजोळ रत्नागिरीकडचं. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं जायचं, डेकवर वळकटी पसरायची आणि घरून आणलेली भाकरी, लसणीची चटणी खायची. बोटीवर चहा मिळायचा, पण वडील आधी भाव विचारायचे आणि मग चहा घ्यायचा नाही असं ठरायचं. रत्नागिरीला बोट बाहेर उभी राहायची, पडावात बसून किनाऱ्याला लागायचं. पडावात बसतानाही वडिलांचा तोच प्रश्न : सामान धरून की सोडून? काका मला म्हणाले, "तुला सांगतो, मी आयुष्यात मेनूकार्ड कधी डावीकडून वाचलंच नाही. आधी उजवी बाजू बघायची. परवडेल तो आकडा सापडला, की मग डावीकडे जाऊन तो कुठला पदार्थ आहे ते बघायचं. या बोटीवर पहिल्यांदा आकडे बघायला लागले नाहीत. काय खावंसं वाटतंय ते बघितलं."

पॅकेजवाल्या कंपन्यांचं गणित काय असेल ते असो, काकांच्या लेखी त्यात बचत नाहीच. ते पैसे आधी जातात, घरी, डायरीत, रडत-कुढत. एकदा ते गेले, की टेबलावर बसलेल्या माणसाला कुणी बिल आणून देत नाही. जन्मभर जो स्वतःला 'नको' म्हणत आला, त्याला 'घे' म्हणायला एवढं निमित्त लागतं.

चौथ्या रात्री तिसरं जेवण होतं, जपानी. जपानी रेस्टॉरंटात पॅकेजवर ठरावीक रकमेपर्यंतच खाता येत होतं आणि काकांनी त्या रकमेत शेवटच्या डॉलरपर्यंत बसणारी यादी दुपारीच तयार करून ठेवली होती. पण त्या संध्याकाळी समुद्र खवळला आणि काकूंना बोट लागली. काकू म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, माझं एक बुडालंच आहे, तुमचं तरी बुडवू नका." काका कपडे करून निघाले, लिफ्टपर्यंत गेले आणि बुफेतून आल्याचा तुकडा, लिंबू आणि मऊ भात घेऊन परत आले. काकूंना दोन घास भरवून ते खोलीतच बसले. दुसऱ्या दिवशी डायरीत मी चोरून पाहिलं. चौथ्या रात्रीपुढे भरले, खाल्ले आणि फरक या तिन्ही रकान्यांवर एकच आडवी रेघ होती आणि तिच्यावर लिहिलं होतं : खाडा. लाल शाईनं नव्हे, साध्या निळ्या शाईनं.

परतीच्या विमानात त्यांनी एकूण ताळेबंद मांडला. तीन बटाटे, न खाल्लेलं जपानी आणि टिप धरून पॅकेज साफ तोट्यात गेलं होतं. चार रात्रींच्या सफरीला तीन जेवणं जास्तच होतात, एखादं सुटं घेतलं असतं तर पुरलं असतं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो बरोबर आहे आणि अशा छोट्या सफरीला जाणाऱ्या कुणालाही मी तोच सल्ला देईन. स्वतः काका मात्र पुढच्या वर्षी सात रात्रींची क्रूझ आणि अमर्याद पॅकेज बघत आहेत. या वेळी संकष्टी, एकादशी आणि गुरुवार टाळून तारीख काढायचं काम काकूंकडे आहे.

तुमच्याही घरात असा कुणी काका, मामा किंवा सासरे असणार. त्यांना जेवायला नेलंत तर एक करा. हॉटेलवाल्याला आधीच गाठून पैसे चुकते करा, मेनूकार्ड बिनआकड्यांचं मिळत असेल तर ते मागून घ्या आणि कितीही खोदून विचारलं तरी रक्कम सांगू नका. ब्रेडची टोपली त्यांनी सरकवली तर सरकवू द्या.